हाजीअलीच्या फातिमाबाई

या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे द्यावीत असे ठरले, तेव्हा जिजाऊ, अहल्याबाई, सावित्रीबाई ही नावे भगिनींनी आधीच वाटून घेतली. मी निवडलेल्या बाईंचे नाव मुंबईत आणि दिल्लीत एके काळी गाजले, पण महाड-पोलादपूरकडे ते फारसे कोणी घेत नाही. त्या म्हणजे श्रीमती फातिमा इस्माईल. आपल्या वसाहतीत ज्या घरी कोणी अपघाताने किंवा लकव्याने अंथरुणाला खिळले असेल, त्या घरच्या बाईने तरी हे चरित्र जरूर वाचावे.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ सालचा. माहेर मुंबईच्या सोभानी घराण्याचे. बंधू उमर सोभानी हे गिरणीमालक, पण गांधीजींच्या चळवळीतले. १९२१ च्या जुलैअखेर मुंबईत परदेशी कापडाची प्रचंड होळी पेटली ती या उमरभाईंच्याच परळच्या गिरणीच्या आवारात. अशा घरातील लेकीला हट्ट धरणे वेगळे शिकवावे लागले नसेल!

तो हट्ट कामी आला तो मात्र राजकारणात नव्हे, घरात. त्यांच्या मुलीला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. त्या काळी पोलिओ म्हणजे काय, हे आजच्या तरुण आयांना सांगूनही कळणार नाही. दोन दिवसांचा ताप येई, उतरे, आणि खेळते मूल पाय उचलीनासे होई. लस निघायची होती. श्रीमंतांच्या घरीही यावर फारसा इलाज नाही हेच ऐकावे लागे. फातिमाबाईंनी ते ऐकून घेतले नाही. मुलीला घेऊन त्या मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या आणि उपचारासाठी कित्येक महिने तिथेच राहिल्या. पुढे पुण्यास गेल्या. दुसऱ्या महायुद्धातील जखमी जवानांना पुन्हा उभे करण्यासाठी लष्कराने तिथे व्यायामोपचाराची सोय केली होती. जवानांसाठी असलेल्या त्या जागी एका लहान मुलीला प्रवेश मिळवायचा, म्हणजे आईला किती उंबरठे झिजवावे लागले असतील! हळूहळू मुलीच्या पायांत बळ येऊ लागले.

हे बळ कोठून येते? पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. मेलेली पेशी परत येत नाही. पण वाचलेल्या पेशी नवे धागे फोडून शेजारच्या अनाथ स्नायूतंतूंचा भार उचलतात, आणि जो स्नायू थोडा तरी हलतो त्याला रोजच्या व्यायामाने बळकट करता येते. मात्र तोवर सांधा आखडता कामा नये, पाय वाकडा होता कामा नये. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी नावाच्या परिचारिकेने याच सुमारास, मुलांचे पाय पट्ट्यांत जखडून ठेवण्याऐवजी ऊन लोकरीच्या घड्यांनी शेकावे आणि हालवावे, असा आग्रह धरला होता. मोठमोठ्या डॉक्टरांशी तिचे खटके उडाले, पण पुष्कळ बाबतीत तिचेच खरे ठरले.

आपल्याकडे अजूनही समजूत आहे की रोग्याला निजू द्यावे, तेल चोळावे, बाकी देवावर सोडावे. तेल चोळल्याने बरे वाटते, त्यात वाईट काही नाही. पण चोळणाऱ्याच्या हाताला व्यायाम होतो, रोग्याच्या नव्हे. नुसत्या पडून राहण्याने धडधाकट माणसाचेही स्नायू थोड्या दिवसांत झिजतात. लकव्याच्या रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाऊल लोंबकळू न देता घोट्याशी काटकोनात टेकवून ठेवावे. आणि लुळ्या हाताला धरून त्याला कधीही ओढून उठवू नये, त्याने खांदा निखळतो. डॉक्टरांनी हो म्हणताच हालचाल सुरू करावी. कारखान्यात पाय मोडला तर प्लास्टर निघाले की उपचार संपला असे आपण समजतो. खरे म्हणजे गुडघा वाकविण्याचे काम त्या दिवशी कोठे सुरू होते!

आपली मुलगी सावरली, आता घरी बसावे, असे फातिमाबाईंना वाटले नाही. ज्यांच्या आयांना मद्रास-पुणे परवडत नाही, त्या मुलांचे काय? १९४७ साली त्यांनी प्रख्यात शल्यविशारद डॉ. बाळिगा यांच्या दवाखान्यात पोलिओच्या मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. देशाची फाळणी चालू होती, मुंबईत दंग्यांची भीती होती, आणि एक मुसलमान बाई सर्व जातिधर्मांच्या पांगळ्या मुलांना चालायला शिकवीत होती. मला तर त्यांच्या सगळ्या सन्मानांपेक्षा हे मोठे वाटते. अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली, तिचे काम वाढत गेले आणि हाजीअलीला मुलांचे अस्थिरोग रुग्णालय झाले.

पण मुलांना व्यायाम देणार कोण? शिकलेली माणसे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९५२-५३ च्या सुमारास मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली, ती भारतातली पहिली. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजीअलीलाच अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९५८ साली फातिमाबाईंना पद्मश्री मिळाली, आणि १९७८ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. १९८७ मध्ये त्या वारल्या.

नैसर्गिक विषाणूने झालेला भारतातला शेवटचा पोलिओ जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील एका लहान मुलीला झाला. मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. त्यांना तो दिवस पाहायला मिळाला नाही. हाजीअलीच्या संस्था मात्र चालू आहेत. पोलिओची मुले आता तिथे क्वचितच येतात. जन्मतः मेंदूला इजा झालेली बाळे येतात, अपघातात हातपाय गमावलेले येतात, लकव्याने एक बाजू गेलेले येतात, आणि बहुतेकांना धरून आणणारी घरचीच कोणीतरी बाई असते.