ताऱ्यांची ओळख करून देणारे शिक्षक : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

रात्रीच्या आकाशातून एखादी तेजस्वी उल्का झळकून गेली, की पाहणारे तिचे वर्णन मोठ्या उत्साहाने करतात. परंतु ती कोणत्या ताऱ्याजवळ प्रकटली आणि कोठे मावळली, एवढे मात्र सहसा कोणास सांगता येत नाही. वस्तुतः महत्त्व त्यालाच आहे. दूरदूरच्या दोन गावांतील माणसांनी ताऱ्यांच्या आधाराने तिचा मार्ग सांगितला, तर तिची उंची काढता येते. अशनी पडला असल्यास तो कोठे शोधावा, हेही कळते. अशी साक्ष देण्यापुरते आकाश मराठी वाचकास परिचित व्हावे, म्हणून ज्यांनी लेखणी झिजविली, त्यांत दीक्षितांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये दापोलीजवळील मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकले आणि १८७४ साली मॅट्रिक झाले. पुढे पदवी नाही, वेधशाळा नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशी शिक्षकाची नोकरी मात्र होती. पंचांग आकाशाशी जुळलेच पाहिजे, या आग्रहापोटी लेले व मोडक यांच्यासमवेत त्यांनी सायन पंचांगाचा पक्ष चालविला. गुप्त शिलालेखांच्या कालगणनेत फ्लीट यांनी त्यांचेच साहाय्य घेतले.

१८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे नाव राहिले आहे ते मुख्यतः या ग्रंथामुळे. त्यांच्या संशोधनातील एकच गोष्ट येथे पुरे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशी नोंद शतपथ ब्राह्मणात आहे. शेकडो पंडितांनी ती वाचली असेल. दीक्षितांनी ती प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष मानली आणि गणिताने तिचा काळ इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काढला. या निर्णयाविषयी पुढे विद्वानांत मतभेद झाले, ते निराळे. कोणा अज्ञात निरीक्षकाने तारा व दिशा यांची नावे घेऊन ठेवली होती, म्हणूनच तो वाद तरी शक्य झाला.

१८९२ च्या 'ज्योतिर्विलास' या पुस्तकाचे मोल काकणभर अधिकच मानावे लागेल. 'रात्रीची दोन घटका मौज' हे त्याचे दुसरे नाव. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. डोळे अंधारास सरावण्यातच त्यांतील एक घटका जाते, हे उल्का पाहत बसणाऱ्यांना ठाऊक आहे. सामान्य वाचकाला अंगणात उभे करून नक्षत्रे दाखविणारे हे पुस्तक आहे. १८९४ साली शेजारच्या बैतूल जिल्ह्यात बोरी येथे अशनी पडला. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी तर विदर्भ व मध्य प्रदेशातील असंख्य लोकांनी जळत जाणारी रांग पाहिली आणि पुष्कळांनी ती उल्काच समजली. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष होते. उल्का बहुधा काही क्षणांत विझते, ती रांग सावकाश गेली. सांवसर, पांढुर्णा वा जामसांवली येथील अंगणातून पाहणाऱ्यासही एवढा भेद ध्यानात येण्याजोगा होता.

१८९४ मध्ये दीक्षित ट्रेनिंग कॉलेजात अध्यापक म्हणून पुण्यास परतले. सेवेल यांच्याबरोबरचा 'इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथही १८९६ मधलाच. २० एप्रिल १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. 'भारतवर्षीय भूवर्णन' हे त्यांचे पुस्तक त्यांच्या मागे, १८९९ साली छापून निघाले.