दवाखान्यातून संसदेकडे



राजकारण म्हटले की आपण नाक मुरडतो. मुलांना डॉक्टर व्हा म्हणतो, लोकप्रतिनिधी व्हा असे सहसा म्हणत नाही. गोव्याचे डॉ. फ्रान्सिस्कू लुईश गोमिश दोन्ही झाले.

त्यांचा जन्म १८२९ साली सासष्टीतील नावेली गावी, कॅथॉलिक घरात झाला. पणजीला वैद्यकी शिकून ते लष्करात डॉक्टर झाले. १८६० साली ते गोव्यातून पोर्तुगालच्या संसदेवर निवडून गेले. वसाहतींना संसदेत प्रतिनिधी नसावेत, असा विचार तेव्हा तेथे पुढे आला होता. गोमिश यांनी पहिल्याच भाषणात त्याला विरोध केला. १८६६ सालच्या आपल्या कादंबरीत त्यांनी जातिभेद आणि गोऱ्यांचा वर्णाहंकार या दोहोंवर बोट ठेवले. १८६९ साली आजारी अवस्थेत गोव्याला परतताना, वयाच्या चाळिसाव्या वर्षी जहाजावरच त्यांचे निधन झाले. समुद्रातच त्यांना मूठमाती मिळाली. आज नावेलीच्या जिल्हा ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे.

जालना जिल्ह्यात आपण मूठभर आहोत. ग्रामसभेत, महापालिकेत आपले म्हणणे कोण मांडणार? घरातील मुलगा किंवा मुलगी या वाटेने निघाली, तर आपण तिला अडवू नये; आशीर्वाद द्यावा.