गाण्याचा मान, कवीचे नाव

भंडारा जिल्ह्यातल्या शाळांमधून सकाळच्या परिपाठाला राष्ट्रगीताबरोबर आता राज्यगीतही म्हटले जाते. मुले छाती काढून गातात. हे गीत कुणी लिहिले, असे मी आमच्या लाखांदूरकडच्या पाच-सात मुलांना विचारले. बहुतेकांनी शाहीर साबळ्यांचे नाव घेतले. राजा बढे हे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. आणि कवी तर आपल्या शेजारच्या नागपूरचा!

राजा नीळकंठ बढे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१२ चा. ‘जय जय महाराष्ट्र माझा’सारखे रांगडे गीत लिहिणाऱ्या या माणसाचा मूळ पिंड मात्र हळुवार. गाथासप्तशतीतल्या प्राकृत गाथा त्यांनी ‘शेफालिका’त मराठीत आणल्या. ‘चांदणे शिंपीत जाशी’ त्यांचे, आणि ‘माझिया माहेरा जा’ही त्यांचेच. त्याला चाल पु. ल. देशपांड्यांची, गळा ज्योत्स्ना भोळ्यांचा. माझी आई तांदूळ निवडताना ते गुणगुणत असे. तिचे माहेर नदीपलीकडे पवनीला. वैनगंगेला पूर आला की वाट बंद, मग निरोप पाखरानेच न्यायचा! सासुरवाशिणीच्या मनातले एका पुरुषाने इतके अचूक ओळखावे, याचे तिला फार नवल वाटे. माझ्या लेखी कवीला मिळालेला तो पहिला पुरस्कार.

राजमान्यता फार उशिरा आली. ७ एप्रिल १९७७ रोजी राजाभाऊंचे दिल्लीत निधन झाले. त्यानंतर ४६ वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने त्यांच्या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांची १११ वी जयंती होती. त्याच वर्षीच्या शिवजयंतीपासून, म्हणजे १९ फेब्रुवारीपासून, ते राज्यगीत म्हणून अमलात आले. दोनच कडवी घेतली आहेत, पावणेदोन मिनिटांच्या आत संपतात. श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा आवाज यांचा वाटा मोठाच. पण शब्द आधी आले, हे विसरून कसे चालेल?

आम्हा भंडारेकरांची एक लाडकी तक्रार आहे. गीतात वर्धा नदी आहे, आमची वैनगंगा नाही. असो, राजाभाऊंना ती माफ.

मुंबईत शिवाजी पार्कजवळ त्यांच्या नावाचा चौक आहे. आमच्याकडे एवढेच व्हावे, की रेडिओवर गाण्याआधी कवीचे नाव सांगत, तसे परिपाठातही कुणी सांगावे. त्याला पाच सेकंद पुरतात.