कु. कॉर्नेलिया सोराबजी

पोंभुर्ण्याच्या आसपासच्या एखाद्या गरीब माणसास चंद्रपूरच्या कोर्टाचें समन्स आलें, म्हणजे घरांतील सर्वांच्या मनांत पहिला प्रश्न हाच येतो कीं, न्यायाधीशापुढें आपल्या वतीनें बोलणार कोण? ज्यांस स्वतः बोलतां येत नाहीं त्यांच्यासाठीं बोलावें, म्हणून आपल्याच महाराष्ट्रांत जन्मलेल्या एका बाईंनीं कायद्याचा अभ्यास केला. परंतु वकिलीच्या सनदेसाठीं त्यांस जवळजवळ तीस वर्षें वाट पाहावी लागली. त्यांचें चरित्र वाचकांनीं लक्ष देऊन वाचावें.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं नाशिक येथें झाला. त्यांचे वडील रेव्ह. सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजांतून ख्रिस्ती झालेले असून चर्च मिशनरी सोसायटीचें काम करीत. आई फ्रान्सिनाबाई यांनीं पुण्यांत शाळा चालविल्या. त्यांच्याकडे अडचणींत सांपडलेल्या बायका सल्ला विचारण्यास येत. कारभाऱ्यानें कागदावर सही घेऊन जिची मिळकत लुबाडली अशा एका गुजराती विधवेची हकीकत लहानपणीं कानीं पडल्यामुळें आपलें मन कायद्याकडे वळलें, असें बाईंनीं पुढें आपल्या आठवणींत लिहिलें आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्यांनीं मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या वर्गांत मिळविली. अशा विद्यार्थ्यास विलायतेस जाण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळत असे. ती त्यांस केवळ स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. कांहीं काळ त्यांनीं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत शिकविलें. नंतर इंग्लंडांतील हितचिंतकांनीं पैसे जमविले. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्याही होत्या. १८८९ सालीं बाई ऑक्सफर्डास गेल्या आणि १८९२ सालीं तेथील कायद्याच्या मोठ्या परीक्षेस बसल्या. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. परीक्षा झाली, परंतु पदवी मिळाली नाहीं. कारण ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळीं स्त्रियांस पदवीच देत नसे.

१८९४ सालीं त्या स्वदेशीं परत आल्या. येथेंही सनद नव्हती. मात्र फौजदारी कायद्यांत एक फट होती. त्या कायद्याप्रमाणें आरोपीच्या वतीनें सनदी वकिलाखेरीज कोर्टाच्या परवानगीनें नेमलेली दुसरी व्यक्तीही काम चालवूं शकत असे. आणि ही व्यक्ति पुरुषच असावी असें तेथें लिहिलेलें नव्हतें. ह्या आधारावर १८९६ सालीं पुण्याच्या कोर्टांत खुनाच्या खटल्यांतील आरोपीच्या बचावासाठीं बाई उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायाधीशापुढें स्त्रीनें वकिली करण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. ज्या आरोपीच्या गळ्यावर फांसाची दोरी लोंबत होती, त्याच्या बाजूनें बोलण्यास कायद्यानें स्त्रीस वाट दिली. परंतु ती परवानगी त्या एका खटल्यापुरतीच होती. दुसऱ्या दिवशीं बाई पुन्हा बिनसनदीच!

त्यांनीं मुंबईची एल्एल्. बी. परीक्षा दिली, १८९९ सालीं अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी दार उघडलें नाहीं. १९१६ सालीं कलकत्ता हायकोर्टानें रेजिना गुहा ह्या बाईंचा अर्ज फेटाळला, तेव्हां वकिलांच्या कायद्यांतील व्यक्ति ह्या शब्दांत स्त्री येत नाहीं असाच अर्थ धरण्यांत आला.

परंतु कॉर्नेलियाबाई हात जोडून बसल्या नाहींत. पडद्यांत राहणाऱ्या विधवांस परपुरुषाशीं बोलण्याची बंदी असे. त्यामुळें वकिलास भेटतां येईना, आणि नातलग व कारभारी न वाचलेल्या कागदांवर त्यांचे आंगठे घेत. अशांसाठीं एक स्त्री सल्लागार नेमावी, म्हणून बाईंनीं सरकारकडे चिकाटीनें खटपट केली. १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें त्यांची नेमणूक झाली. पुढें बिहार, ओरिसा व आसाम हेही त्यांच्या कामाच्या कक्षेंत आले. सुमारें वीस वर्षांत त्यांनीं सहाशेंहून अधिक स्त्रिया व पोरकीं मुलें यांस साह्य केलें. कित्येकांकडून तर एक पैही घेतली नाहीं.

शेवटीं १९२१ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें त्यांचें नांव वकिलांच्या यादींत घातलें, आणि १९२३ च्या कायद्यानें देशांतील सर्व स्त्रियांस ही वाट मोकळी झाली. १९२४ सालीं बाई कलकत्त्यास वकिली करूं लागल्या. वय साठीच्या जवळ आलेलें. आणि पुरुषांच्या दुराग्रहामुळें कोर्टांत बोलण्यापेक्षां कागदावर अभिप्राय लिहिण्याचेंच काम त्यांच्या वांट्यास अधिक आलें.

त्यांचे दोषही झांकून ठेवणें योग्य नव्हे. त्या इंग्रजी राज्याच्या कट्टर पक्षपाती होत्या. स्वराज्याच्या चळवळीस त्यांनीं विरोध केला, आणि १९२७ सालीं निघालेल्या मिस मेयो यांच्या हिंदुस्थानची निंदा करणाऱ्या पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळें अनेक देशभगिनी त्यांच्यापासून दुरावल्या. १९२९ सालीं त्या लंडनला गेल्या व ६ जुलै १९५४ रोजीं तेथेंच वारल्या.

आज पोंभुर्ण्याच्या मुलीस वकील होण्यास कोणताही कायदा आड येत नाहीं. शिवाय १९८७ च्या विधिसेवा कायद्यानें स्त्रिया, बालकें, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि कोठडींत असलेली माणसें यांस सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क आपणांस आहे हेंच पुष्कळांस ठाऊक नसतें. ज्या दारासाठीं ह्या बाई तीस वर्षें उभ्या राहिल्या, तें आज उघडें आहे. समन्स हातीं घेऊन घाबरलेल्या शेजाऱ्यास तें दाखविणें, इतकें तरी गांवांतील प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या हातीं आहे.