असन्निधानाच्या वाटेवरील म्हाइंभट

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर भक्तपरिवारावर जो काळ आला, त्यास आपल्या परंपरेत असन्निधानाचा काळ म्हणतात. शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमाराची ही घटना सामान्यतः मानली जाते. सन्निधानात साधकाला वाटेची चिंता नसते. कारण वाट दाखविणारा पुढे चालत असतो. असन्निधानात मात्र पाऊल कोणत्या दिशेने टाकावे, कोठे थांबावे, कशाचा आधार धरावा, हे सर्व ज्याचे त्याला ठरवावे लागते. या कठीण काळात ज्यांनी पायी चालण्यालाच सेवा मानले आणि आपल्या चालण्याने पुढील साडेसातशे वर्षांच्या साधकांना आधार निर्माण करून दिला, त्या म्हाइंभटांचे चरित्र प्रत्येक अटन करणाऱ्या साधकाने डोळ्यांपुढे ठेवावे असे आहे. स्थानवंदनासाठी पायी निघणाऱ्या वासनिकांनाही त्यातून बोध घेता येईल, म्हणून ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

म्हाइंभट हे मूळचे सराळे गावचे. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येते. जातीने ब्राह्मण, घरची स्थिती उत्तम, शास्त्रांचा व्यासंग दांडगा, आणि त्यातही प्रभाकर मीमांसेवर विशेष प्रभुत्व. अशा पंडिताला विद्येचा अभिमान असावा यात नवल नाही. वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करणे हाच त्या काळी विद्वत्तेचा दाखला मानला जाई. याच वृत्तीने ते गोदातीरी डोमेग्राम येथे स्वामींच्या दर्शनास आले. आले होते वाद करण्यास. परंतु स्वामींच्या साध्या प्रश्नांपुढे त्यांची शास्त्रे थिटी पडली. पाठ केलेली विद्या आणि उद्धार करणारे ज्ञान यांतील अंतर त्यांच्या ध्यानी आले. पंडिताचा अभिमान गळून पडणे ही काही लहान गोष्ट नव्हे. धन टाकणे सोपे, घर टाकणेही एक वेळ सोपे. परंतु मी जाणतो हा भाव टाकणे फार अवघड. म्हाइंभटांच्या जीवनातील पहिले आणि सर्वांत लांब पल्ल्याचे अटन हेच होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

स्वामींचे सन्निधान म्हाइंभटांना उत्तरार्धात लाभले. बाइसा, आचार्य नागदेव, महदाइसा, साधे यांच्याप्रमाणे दीर्घ काळ सेवा घडण्याचे भाग्य त्यांच्या वाट्यास आले नाही. स्वामींच्या गमनानंतर त्यांच्याच आज्ञेनुसार आचार्य नागदेव ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत गेले. भक्तपरिवारही हळूहळू तेथे एकत्र झाला. म्हाइंभट आचार्यांपाशी अनुसरले आणि तेही श्रीप्रभूंच्या सेवेत रुजू झाले.

ऋद्धिपुरी असताना आचार्य एकांतात स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. म्हाइंभटांच्या सूक्ष्म दृष्टीला त्यातील एक धोका दिसला. ज्यांनी स्वामींना डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या अंतःकरणात लीळा जिवंत आहेत. पण हे देह राहणारे नाहीत. प्रत्येक वृद्ध भक्ताच्या देहावसानाबरोबर कित्येक लीळा कायमच्या लोपणार. मग पुढील पिढ्यांनी स्मरण कशाचे करावे? आपल्या मार्गात नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हाच साधकाचा श्वास आहे. लीळाच हरपल्या तर तो श्वास थांबेल. ही चिंता त्यांनी आचार्यांपुढे ठेवली आणि आचार्यांच्या अनुमतीने लीळासंग्रहाचे कार्य अंगावर घेतले.

कार्याचा आरंभ ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या देवळात झाला. आचार्यांनी सांगावे आणि म्हाइंभटांनी लिहून घ्यावे असा क्रम होता. शके १२०० म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास हे लेखन झाले असे सामान्यतः मानतात. परंतु आचार्यांना सर्वच लीळा प्रत्यक्ष ठाऊक असणे शक्य नव्हते. जी लीळा ज्याच्या समक्ष घडली, ती त्यालाच विचारली पाहिजे, असा दंडक ठरला. आणि त्या दंडकाने म्हाइंभटांच्या पायाखाली वाट आली.

ही वाट कशी होती, याचा विचार वाचकांनी अवश्य करावा. ऋद्धिपूर आजच्या अमरावती जिल्ह्यात. स्वामींच्या परिभ्रमणाचा मोठा भाग गंगातीरी, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात. ऋद्धिपुराहून प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, सरळ रेषेत मोजले तरी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. पायवाटेने ते अंतर कितीतरी अधिक. वऱ्हाडचे सपाट रान तुडवायचे, पूर्णेचे खोरे ओलांडायचे, अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाट चढून वरच्या पठारावर यायचे आणि मग गोदावरीकडे उतरायचे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ, कन्नड, पैठण हा सर्व प्रदेश स्वामींच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेला आहे. वेरूळला तर स्वामींचे वास्तव्य दहा महिने होते. तेव्हा लीळांचा शोध घेणाऱ्यास या प्रदेशाकडे येणे अपरिहार्यच होते.

या भागात पाऊस सरासरीने फार नाही. वर्षाकाठी सातशे मिलीमीटरच्या आसपास. परंतु सरासरीवर विसंबणाऱ्या वाटसरूची येथे फसगत होते. मृगाचा पाऊस कधी ओढ देतो, कधी एका रात्रीत ओढे-नाले तुंबवितो. काळ्या रानात पाणी पडले की माती पायाला लोंब्यासारखी लपेटते, आणि कोसभर चालण्यास दुपार लागते. गोदावरीचे वागणे त्याहून निराळे. तिचे पाणी येते ते सह्याद्रीच्या माथ्यावरून. त्र्यंबक-नाशिकाकडे पाऊस झाला की पैठणला पूर येतो. पैठणवर मात्र त्या दिवशी आकाश निरभ्र असू शकते. डोक्यावर ऊन आणि समोर दुथडी भरलेली नदी, असा प्रसंग गंगातीरी नवा नाही. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाल्यावर या पाण्याला बांध पडला, तरी २००६ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये धरणातून पाणी सोडावे लागून नदीकाठच्या वस्त्यांना पुराची झळ बसली. मग जेथे बांध नव्हता, पूल नव्हता, सांगडीवर किंवा होडीवर भरवसा ठेवून पलीकडे जायचे होते, त्या काळाची कल्पना केलेली बरी. डोक्यावर घोंगडीची खोळ आणि रात्रीस गावाबाहेरचे देऊळ किंवा मठ, याहून अधिक आडोसा पायी चालणाऱ्या भिक्षुकास तेव्हा नव्हता.

हवामानाची अनिश्चितता मोठी होती, पण म्हाइंभटांपुढची अनिश्चितता तिच्याहून मोठी होती. ज्या भक्ताकडे जायचे तो त्या गावी आहे की नाही, जिवंत आहे की नाही, असला तरी त्याला ती लीळा नीट स्मरते की नाही, हे गाव गाठल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. घाई करावी तर देहाचा घात. थांबावे तर सांगणाराच निघून जाण्याची भीती. पुराच्या काठावर बसलेल्या साधकाच्या मनात नेमका हाच पेच असतो. पाणी ओसरेपर्यंत थांबणे म्हणजे आळस नव्हे, आणि पाण्यात उडी घालणे म्हणजे निष्ठा नव्हे. अंगीकारलेले कार्य पुरे होईल अशा रीतीने देह राखणे, हाही आज्ञापालनाचाच भाग आहे. म्हाइंभटांचे कार्य तडीस गेले, यातच त्यांनी हा विवेक राखला होता याची खूण आहे.

त्यांच्या चालण्यासंबंधी परंपरेत एक हकीकत सांगितली जाते. लीळा जाणणारा एक कुणबी शेतात काम करीत होता. पेरणी-नांगरणीचे दिवस पाऊस ठरवितो; वापसा आला की शेतकऱ्याला क्षणभर हात सोडता येत नाही. तेव्हा म्हाइंभटांनी त्याला काम थांबविण्याचा आग्रह धरला नाही. ते स्वतः त्याच्या कामाला लागले आणि काम करता करता लीळा ऐकून घेतली. एके काळी वादसभेत ज्याच्यापुढे पंडित चाचरत, तो पुरुष आता चिखलाने भरलेल्या पायांनी एका शेतकऱ्याचा शिष्य होऊन उभा राहिला. डोमेग्रामास गळालेला अभिमान पुन्हा अंकुरला नव्हता, याची साक्ष या हकीकतीतून मिळते. प्रतिकूल ऋतूशी भांडण न मांडता त्या ऋतूच्या कामातच सामील व्हावे, हा धडाही तिच्यात आहे.

लीळा मिळविल्यावर ती आचार्यांना दाखवावी, त्यांनी ग्राह्य मानली तरच ग्रंथात घ्यावी, अशी शिस्त त्यांनी पाळली. दीड हजारांच्या जवळपास लीळा एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध या तीन भागांत गुंफल्या गेल्या. कोणते गाव, कोणते देऊळ, कोण भक्त समीप होता, हे त्यांनी साध्या मराठीत नोंदविले. पांडित्य दाखविण्याची सर्व सामग्री जवळ असता त्यांनी स्वतःची भाषा मध्ये येऊ दिली नाही. पुढे श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांचा संग्रहही त्यांनीच केला. मराठीतील आद्य गद्य चरित्र म्हणून लीळाचरित्राचा गौरव आज विद्वज्जन करतात, आणि २०२४ पासून ऋद्धिपुरी मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. परंतु म्हाइंभटांच्या मनात वाङ्मयाचा हेतू नव्हता; साधकाच्या स्मरणाला आधार हवा, एवढीच त्यांची तळमळ होती.

त्यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली, आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य लयास गेले. त्या धामधुमीत भक्तजन कोकणाकडे गेले आणि म्हाइंभटांच्या हातची मूळ पोथी हरपली, असे परंपरा सांगते. पावसापाण्यातून, घाटवाटांतून जे वेचून आणले, ते एका धाडीत नाहीसे झाले. परंतु कार्य व्यर्थ गेले नाही. हिराइसांसारख्या भक्तांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध झाले. या पाठांत जेथे सांगणाऱ्यांत भेद पडला, तेथे तो भेद झाकून न ठेवता शोध म्हणून नोंदविण्यात आला. अमुकाने असे सांगितले, तमुकाने तसे सांगितले, हे स्पष्ट मांडण्याची ही रीत म्हाइंभटांच्या प्रामाणिक शोधवृत्तीचीच पुढची पायरी होय. जे निश्चित नाही त्याला निश्चिताचा वेष चढवू नये. धुक्यातील वाटेवर हाच नियम वाटसरूला वाचवितो आणि ज्ञानाच्या वाटेवर साधकालाही वाचवितो.

लीळांच्या याच संग्रहामुळे स्वामींची स्थाने ओळखणे शक्य झाले. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी स्थानपोथी रचून गावोगावच्या स्थानांच्या दिशा, देवळांची दारे आणि जागा नोंदविल्या. आज वेरूळ-पैठणकडे स्थानवंदनासाठी निघालेला वासनिक ज्या ओट्यापुढे दंडवत घालतो, त्या ओट्यापर्यंतची वाट कोणी तरी आधी चिखल तुडवून शोधलेली आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही असन्निधानातील आपली साधने. त्यांतील पहिले साधन आपल्या हाती येण्यास म्हाइंभटांचे चालणे कारण झाले.

साधकांनी यावरून काय घ्यावे? पायी निघताना ऋतू पाहून निघावे. नदीकाठच्या गावकऱ्यांचे व नावाड्याचे ऐकावे. नदीविषयी तेच पंडित आहेत. पाणी चढले असता संकल्पाच्या अभिमानाने पाऊल पुढे टाकू नये, कारण ठरल्या दिवशीच पोहोचण्याचा हट्ट पुष्कळदा अहंकाराचेच रूप असतो. अडकून पडावे लागले तर तो वेळ वाया गेला असे मानू नये. देवळाच्या ओसरीत बसून केलेले लीळास्मरण स्थानावर केलेल्या स्मरणाहून उणे नाही. वृद्ध व अशक्त सोबत्यास मागे टाकून पुढे जाऊ नये. आणि वाटेत जे कळले, ते जसे कळले तसेच सांगावे.

सन्निधान ज्यांना लाभले त्यांची थोरवी वेगळीच. परंतु आपण सर्व असन्निधानातले. पुढे चालणारा दिसत नाही, पाऊस केव्हा पडेल ते कळत नाही, पलीकडचा तीर धुरकट दिसतो. अशा वेळी सराळ्याच्या त्या पंडिताची आठवण व्हावी, ज्याने दिसेनाशा झालेल्या चरणांचा माग माणसांच्या स्मरणातून काढला आणि तो आपल्या हाती दिला. त्या मागाने चालण्याची बुद्धी परमेश्वराने आपणा सर्वांस द्यावी, एवढीच प्रार्थना.

दंडवत प्रणाम.