पेत्रार्कची एका दिवसाची चढाई

२६ एप्रिल १३३६. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतातल्या मालोसेन या गावातून दोन भाऊ आणि त्यांचे दोन नोकर डोंगराच्या दिशेने निघाले. आल्प्सच्या नैर्ऋत्य सीमेवर एकाकी उभा असलेला माँ व्हाँतू १९१० मीटर उंच आहे. गावापासून सुमारे दीड हजार मीटरची चढण, आणि तीही एकाच दिवसात जाऊन येण्याची. थोरला भाऊ फ्रान्सेस्को पेत्रार्क तेव्हा एकतीस वर्षांचा होता, धाकटा गेरार्दो.

पेत्रार्कचा जन्म १३०४ मध्ये इटलीतील अरेझो येथे झाला. वडील फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेले. पोपचे वास्तव्य आव्हिन्याँ येथे असल्याने कुटुंबही पोटापाण्यासाठी तिकडेच गेले आणि हा डोंगर लहानपणापासून त्याच्या नजरेसमोर राहिला. वडिलांच्या आग्रहाखातर त्याने माँपेलिये व बोलोन्या येथे कायद्याचे शिक्षण घेतले. १३२६ मध्ये वडील वारल्यावर ते सोडून दिले. पुढच्याच वर्षी आव्हिन्याँच्या एका चर्चमध्ये त्याला लॉरा दिसली. तिच्यावरील कवितांनीच त्याचे नाव आजवर टिकवले आहे.

डोंगर चढण्याची ऊर्मी मात्र ग्रंथातून आली. मॅसिडोनियाचा राजा फिलिप हीमस पर्वतावर चढल्याची हकीकत त्याने लिव्हीच्या इतिहासात वाचली होती. सोबत कोणाला न्यावे, याचा त्याने बराच खल केला. कोणी फार मंद, कोणी फार चपळ, कोणी सदा उदास, कोणी अति आनंदी! मैत्रीत जे खपते ते प्रवासात जाचते, हे डोंगर चढणाऱ्या कोणालाही पटावे. अखेर निवड झाली ती सख्ख्या भावाची.

वाटेत एका वृद्ध मेंढपाळाने त्यांना परतवण्याचा प्रयत्न केला. तो स्वतः पन्नास वर्षांपूर्वी माथ्यावर जाऊन आला होता आणि अंग खरचटण्याखेरीज काही हाती लागले नव्हते. गेरार्दोने थेट कड्याची उभी वाट धरली. पेत्रार्क सोप्या वाटेच्या शोधात पुन्हा पुन्हा दऱ्यांत उतरला, दमला आणि मागे पडला. माथ्यावर पोहोचल्यावर पायाखाली ढग, दूरवर हिमाच्छादित आल्प्स, एका बाजूला समुद्र आणि खाली ऱ्होन नदी दिसली. तेथे त्याने खिशातला संत ऑगस्टिनचा आत्मकथनपर ग्रंथ उघडला. पर्वत, समुद्र आणि तारे पाहून थक्क होणारी माणसे स्वतःकडे पाहत नाहीत, अशा आशयाचा मजकूर नेमका समोर आला. उतरताना तो कोणाशीही बोलला नाही.

हे सारे आपल्याला कळते ते गुरुतुल्य स्नेही दिओनिजी यांना त्याने लिहिलेल्या पत्रातून. मुक्कामी परतताच ते लिहिल्याचे त्यात म्हटले आहे. अभ्यासकांना मात्र हे पत्र सुमारे १३५३ मधले वाटते. तोवर दिओनिजी यांच्या निधनाला अकरा वर्षे लोटली होती. १८६० मध्ये याकोब बुर्कहार्टने या चढाईला प्रबोधनाच्या इतिहासात मानाचे स्थान दिले. केवळ आनंदासाठी डोंगर चढणारा पहिला माणूस, असा लौकिक पेत्रार्कला लाभला खरा. पण त्या मेंढपाळाचे काय?

पत्र खरोखर नंतरचे असेल, तर उभ्या वाटेने जाणाऱ्या भावाचे चित्र वेगळेच भासू लागते. कारण १३४३ मध्ये गेरार्दो माँत्रियोच्या मठात संन्यासी झाला. पेत्रार्कला त्याच वर्षी विवाहाविना दुसरे अपत्य झाले, कन्या फ्रान्चेस्का. त्याआधी १३४१ मध्ये रोममध्ये राजकवी म्हणून त्याच्या मस्तकी पर्णमुकुट चढला होता. १३४५ मध्ये व्हेरोना येथे सिसेरोची पत्रे त्याच्या हाती लागली. १३४८ च्या प्लेगने लॉराला नेले. माँत्रियोच्या मठातील इतर सारे त्या साथीत दगावले. त्यांना पुरून गेरार्दो एका कुत्र्यासह तेथेच राहिला.

१३५३ मध्ये पेत्रार्कने प्रोव्हान्स कायमचे सोडले. जुलै १३७४ मध्ये इटलीतील आर्क्वा येथे त्याचे निधन झाले. चार वर्षांपूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मठवासी भावाचा उल्लेख होता: शंभर फ्लोरिन एकदम घ्यावेत की दरवर्षी थोडे थोडे, हे गेरार्दोने ठरवावे.