गुग्लिएल्मो मार्कोनी

१९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें बिनतारी संदेशांची 'बीम' सेवा सुरू झाली. संदेश पुण्याजवळील खडकीहून निघत व येणारे संदेश दौंड येथें घेतले जात. ज्यांच्या कंपनीच्या पद्धतीनें हें कार्य झालें, त्या मार्कोनींचा अल्प परिचय आम्ही येथें करून देत आहों.

त्यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजीं इटलींतील बोलोन्या येथें झाला. मुलाचा तारा व घंट्यांचा नाद वडिलांस रुचत नसे; आईनें मात्र धीर दिला. विद्यापीठाची पदवी नसतांही १८९५ सालीं तारेचें एक टोंक उंच चढवून व दुसरें जमिनीशीं जोडून त्यांनीं टेकडीपलीकडे संकेत पोंचविला. १२ डिसेंबर १९०१ रोजीं अटलांटिकच्या पैलतीरीं, पतंगानें उचललेल्या तारेवर, त्यांस तीन टिंबांचा संकेत ऐकूं आला. १९०९ सालीं जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांजबरोबर त्यांस नोबेल पारितोषिक लाभलें.

दूरच्या संदेशांस लांब लहरीच हव्यात, या त्यांच्या मतामागें जग गेलें. परंतु स्वतःच्या प्रयोगांतून उलट दिसतांच त्यांनीं कीर्तीची भीड धरिली नाहीं. आपली चूक त्यांनीं उघड मान्य केली व १९२४ सालीं त्यांच्या कंपनीनें आखूड लहरींच्या केंद्रांचा करार केला.

तेथें नवी अडचण उभी राहिली. यंत्रापासून एरिअलपर्यंत जाणारी वाहक तारच लहरी फेंकूं लागली, तर झोत विस्कटतो. सहकारी फ्रँकलिन यांनीं तांब्याच्या एका नळींत दुसरी नळी बसविली व बाहेरची नळी जमिनीशीं जोडली. प्रवाह आंतच राहिला.

आजही केबलच्या बाहेरील अंगावर प्रवाह ओघळला, तर केबलच एरिअलचा भाग बनते. मग ती थोडी हलविली तरी जुळणीचें माप बदलतें. पाट फुटला म्हणजे विहिरीचें पाणी वाफ्यास पोंचत नाहीं, तसाच हा प्रकार. यास्तव एरिअलजवळ केबलचे वेढे फेराइटच्या कड्यांतून घेतात. त्यास 'चोक' म्हणतात. चोकानें बाहेरचा प्रवाह अडतो, आंतील अबाधित राहतो.

२० जुलै १९३७ रोजीं रोम येथें मार्कोनी निवर्तले. पुढें बिनतारी केंद्रांनीं दोन मिनिटें मौन पाळलें. इटलींतील हुकूमशाहीस त्यांनीं दिलेली साथ आम्हांस स्तुत्य वाटत नाहीं. परंतु जगानें मानलेलें आपलेंच मत चुकीचें ठरतांच तें सोडून देण्याचें त्यांचें धैर्य विद्यार्थ्यांनीं अवश्य घ्यावें, व पालकांनींही मुलांच्या चुकांकडे त्याच दृष्टीनें पाहावें.